चारी कोपरे बघा, मग बटण दाबा!

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार वेडी माणसं आणि त्यांच्यात मिळून एक लेन्स, एवढं असलं की ते आपोआप साठतात. माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे. एक काढायला जावं तर वरची चार डोक्यात पडतात!

आमच्यातले मुख्य वेडे म्हणजे इनास सर. भुईगावचे. वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी निसर्गाचे फोटो काढत हिंडायचे. दुसरा दीनू, सांडोरचा, केळीची वाडी सांभाळून विम्याची कामं करणारा. तिसरा बिपीन, त्याचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आणि कलर लॅब. चौथा मी, सावंत. मूळचा कणकवलीकडचा, नोकरी मुंबईत, फ्लॅट वसईत आणि स्वभावाने भित्रा. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक प्रसंगात घाम मलाच फुटलेला आहे.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. मोबाइलमध्ये कॅमेरा यायचा होता. रोल भरायचा, जपून वापरायचा आणि धुवून येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं.

हसायला लागण्याआधी एक गोष्ट सांगूनच टाकतो. ह्या किश्शांच्या वेळी इनास सरांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. तो दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो, आणि समोरचं मात्र छान दिसत राहतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा आम्ही जिथे हसलो तिथे तुम्हाला हसू येईलच असं नाही.

*

लेन्स आली मस्कतहून. सरांच्या मेहुण्याने आणली, टॉवेलात गुंडाळून, दुधाच्या पावडरच्या डब्यात घालून. सतरा-पस्तीस मिलिमीटर, अल्ट्रा-वाइड झूम! पुढची काच उपड्या वाटीसारखी फुगीर. दीनूने तिला तिथल्या तिथे 'वाटी' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

सरांनी ती कॅमेऱ्यावर चढवली आणि पहिला मान बायकोला दिला. मोनिका वहिनींनी अंगणात उभं राहून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. सर त्याला 'खिडकी' म्हणायचे.

"अगो बाई! घर, विहीर, माड, कोंबड्या... सगळी वाडी काडेपेटीत मावली की!"

ह्या लेन्सची गंमत हीच. आपण मान इकडून तिकडे फिरवून जेवढं बघतो, तेवढं ती एका चौकटीत कोंबते. पण कोंबताना सगळं बारीक करते. ह्याचा अर्थ आम्हाला पहिला रोल धुवून आल्यावर कळला. बिपीनने प्रिंट काउंटरवर पसरले.

"सर, हे कशाचे फोटो?"

"समुद्राचे."

"मग समुद्र कुठाय?"

खरंच, खाली वाळू, वर आभाळ आणि मध्ये दोऱ्याएवढी निळी रेघ! तोच समुद्र. शिवाय बहुतेक फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात एक चप्पल. सरांचीच!

हे मात्र अति झालं. कारण सरांनी आम्हाला शिकवलेला पहिला आणि शेवटचा धडा एकच होता. "चारी कोपरे बघा, मग बटण दाबा!" मध्यात काय आहे ते गाढवालाही दिसतं, फोटो बिघडतो तो कोपऱ्यात, असं त्यांचं म्हणणं. दीनूने एकदा लेन्सवर एकावर एक दोन फिल्टर चढवले होते आणि सगळ्या फोटोंचे कोपरे काळे आले होते. तेव्हा सर कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. आणि आता त्यांच्याच फोटोत त्यांचीच चप्पल! दीनूने ती संधी सोडली असती तर तो दीनू कसला.

"सर, ही चप्पल निसर्गात मोडते का?"

"खिडकीत दिसत नाही असं थोडं फिल्मवर येतंच," सर म्हणाले. "तो कॅमेऱ्याचा दोष आहे. पण वाटीशी वागायचं कसं ते मला कळलंय. लांबून काही उपयोग नाही. जवळ जायचं. नाक लागेल इतकं जवळ!"

आमच्या जिवाला घोर लागला तो ह्या वाक्यापासून.

*

राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटी बघून गेलो. पाणी दूर गेलेलं, ओल्या वाळूवर लाटांची नक्षी उमटलेली. सरांना ती नक्षी पुढ्यात मोठी आणि मागे मावळता सूर्य असा फोटो हवा होता. त्यांनी ट्रायपॉडचे पाय फाकवून कॅमेरा गुडघ्याइतका खाली घेतला आणि स्वतः वाळूत ओणवे झाले. मी आणि दीनू वर सुरूच्या झाडांखाली भजी खात उभे.

लोकांना वाटतं भरती समोरून येते, लाटा आपटत, सगळ्यांना सांगून. आमचा किनारा सपाट आहे. इथे पाणी बाजूच्या खोलगट चरांतून गुपचूप आत शिरतं, तुमच्या मागे भरतं आणि मग तुम्ही बेटावर! इनास सर ह्याच किनाऱ्यावर लहानाचे मोठे झालेले. त्यांना हे मी कणकवलीकराने सांगायचं?

डावीकडचा चर भरायला लागला.

"सर बघतायत ना रे?" दीनूने विचारलं.

"बघत असतील. अगदी डाव्या हाताला तर आहे."

पाणी वळलं आणि सरांच्या पाठीमागे गेलं. सर हलेनात. तेवढ्यात जाळं आवरणारी एक बाई ओरडली, "ओ मास्तर! उठा तिथनं! मागं पानी भरलंय, पानी!"

सरांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. थांबा, असा. सूर्य टेकत होता ना!

मग आम्ही धावलो. चरात उतरलो तोवर पाणी कमरेला आलं होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. दीनूने सरांची कॉलर धरली, मी ट्रायपॉड. सरांनी दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता, म्हणजे स्वतःला सावरायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मला पोहता येत नाही. हे मी त्या वेळी देवाला मोठमोठ्याने सांगत होतो, असं दीनू म्हणतो.

कोरड्या वाळूत पोचल्यावर मी विचारलं, "सर, एवढं पाणी शेजारून गेलं, दिसलं नाही?"

सर शर्टाच्या कोरड्या टोकाने काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "ते फ्रेममध्ये नव्हतं रे!"

आम्ही पोट धरधरून हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो.

*

सांडोरला दीनूच्या वाडीत केळीचा एक घड लागला होता. काय घड! दीनू त्याचं कौतुक लग्नाच्या मुलीचं करावं तसं करायचा. सर म्हणाले, घड पुढ्यात घेऊ, मागे केळींच्या रांगा, पाण्याचा पाट, वर आभाळ. वाटीसाठी ह्याहून चांगला विषय नाही!

झालं. सर घडात शिरले. अक्षरशः शिरले. कॅमेरा घडापासून वीतभर, डोकं पानांत.

आणि उजव्या बाजूच्या पानाखाली, सरांच्या कानापासून हातभरही लांब नाही, गांधीलमाश्यांचं पोळं! भरलेलं. माश्या त्याच्यावरून सावकाश फिरत होत्या.

ते आधी दीनूला दिसलं. त्याने माझा दंड धरला तो इतका घट्ट की मला न बोलता कळलं. ओरडावं, तर सर दचकून मान वळवणार आणि मान वळवली की डोकं थेट पोळ्यावर. गप्प राहावं, तर सर जागा बदलणार. गांधीलमाश्यांनी एकदा धरलेला माणूस दीनूने लहानपणी पाहिलेला होता.

"सर," तो अगदी हळू, अंगाई म्हणावी तसा म्हणाला, "तसेच सरळ मागे या. मान वळवू नका."

"का?"

"फोकस बिघडलाय."

"फोकस उत्तम आहे! तुला तिथून काय दिसतंय?"

"सर, ऊन बदललंय."

"ऊन हवं तसंच आहे. दीनू, तू जरा गप्प बसशील का?"

एक माशी सरांच्या कॉलरवर उतरली. चालत मानेपर्यंत गेली. मी डोळे मिटून घेतले. देवाशपथ सांगतो, मला माश्यांपेक्षा त्या शांततेची भीती वाटत होती.

"सर," दीनू तशाच आवाजात म्हणाला, "चहा झालाय."

"अरे मग असं सांग ना!" म्हणत सर सरळ रेषेत मागे आले. कॉलरवरची माशी उडून गेली. दीनू तिथेच पाटाच्या कडेला मटकन बसला.

"चहासाठी एवढी कुजबुज?" सरांनी विचारलं. आणि चहा तर झालाच नव्हता!

रोल धुवून आला. वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणून मोठ्या करते. फोटोत केळीचा घड होता तेवढाच, पण उजव्या कोपऱ्यात ते पोळं ताणून ताटाएवढं झालेलं! सरांनी तो फोटो डोळ्यांसमोर धरला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"दीनू," ते म्हणाले, "हे पोळं कधी लागलं रे?"

*

आता आळीच्या फोटोचा किस्सा. हा सांगताना बिपीन अजून आवाज खाली घेतो.

मे महिन्यात सरांच्या आळीत क्रुसाचा सण असतो. प्रार्थना झाली की सगळी आळी क्रुसापुढे उभी राहते. त्या वर्षी सरांनी ठरवलं की क्रूस, मागच्या वाड्या, आभाळ आणि सगळी आळी, असा एकच मोठा फोटो काढायचा. वाटीच्या जिवावर!

इथे बावतीसची ओळख करून द्यायला हवी. बावतीस म्हणजे सरांचा चुलत भाऊ आणि शेजारी. दोघांच्या वाड्यांच्या कुंपणावर एक माड, आणि तो कोणाचा ह्यावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्या सणाला फादरांनी मध्ये पडून दोघांचे हात हातात दिले होते. बावतीस नवा शर्ट घालून फोटोला आला, ओळीच्या डाव्या टोकाला उभा राहिला, आणि हसला. बावतीसला हसताना आळीने कधी पाहिलं नव्हतं.

सरांनी शिडीवर चढून कोपरे बघितले. बटण दाबलं.

बिपीनने हौसेने मोठा प्रिंट काढला. पुढच्या रविवारी आळी जमली आणि प्रिंट उलगडला. सगळे होते. क्रूस होता. वाड्या होत्या. डाव्या टोकाला नव्या शर्टाची एक बाही होती.

बावतीस प्रिंटजवळ आला. त्याने ती बाही बघितली, मग स्वतःची बाही बघितली.

"अख्खी आळी मावली," तो म्हणाला. "क्रूस मावला. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा मावलं! एवढ्या रुंद लेन्समध्ये मीच तेवढा मावलो नाही, इनास?"

"बावतीस, तू तिथे नव्हतास," सर म्हणाले.

हे त्यांनी इतक्या खरेपणाने म्हटलं की ते खोटं बोलण्याहून वाईट झालं. बावतीसचा मुलगा पुढे आला, सरांचा पुतण्या पुढे आला, कोणीतरी कोणाची गचांडी धरली. बिपीन प्रिंटची गुंडाळी छातीशी धरून मध्ये उभा. दोन्हीकडचे धक्के त्यालाच! फादर नसते तर त्या दिवशी डोकी फुटली असती.

बावतीस निघून गेला तो सरांशी पुन्हा न बोलण्यासाठीच. सर मात्र प्रिंटसमोर उभेच होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी कोपरे बघितले होते. सावंत, मी चारी कोपरे बघितले होते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं नाही. मी मोनिका वहिनींकडे पाहिलं. त्या प्रिंटकडे बघत नव्हत्या. सरांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

*

सरांची एकुलती एक मुलगी फिलू. तिचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. चर्च आतून वाटीत कसं मावतं ते बघायला एका सकाळी सर आणि मी स्कूटरवरून निघालो. सर पुढे, मी मागे, वाटीची पिशवी माझ्या मांडीवर.

भुईगावच्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपणं आणि मध्ये एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. उजवीकडच्या वाडीच्या फाटकातून भाजीचा टेम्पो मागे मागे येत होता. चांगला हत्तीएवढा टेम्पो, वर हॉर्न वाजवणारा! मला वाटलं सर आता ब्रेक मारतील. आता मारतील. आता...

"सर! उजवीकडे! टेम्पो!"

"कुठे?" सरांनी विचारलं.

शांतपणे. कोणी पत्ता विचारल्यावर आपण विचारतो ना, तसं.

मी मागून हात घालून हँडल डावीकडे ओढलं. स्कूटर कुंपण मोडून बावखलात गेली. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमच्याकडचं तळं, आणि त्या दिवसांत त्याच्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त. मी चिखलात आडवा, आणि वाटीची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर. हे कधी शिकलो, कोण जाणे! टेम्पोवाला शिव्या देत होता. सर उठून उभे राहिले आणि खरोखर आश्चर्याने त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा आला कुठून?"

घर जवळच होतं, मोनिका वहिनी धावत आल्या. आधी सरांना चाचपलं, मग मला, मग पिशवीला.

"लेन्स नीट आहे?"

"नीट आहे, वहिनी."

"बरं झालं. आता डोळे तपासायचे."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" सर भडकले. "तो लांबचा बोर्ड वाचून दाखवू?"

"लांबचं वाचाल हो! सावंतभाऊ, तुम्हाला सांगते, मी ह्यांच्या डाव्या हाताला बसून जेवत असते आणि हे विचारतात, मोनिका कुठे गेली?"

चिखलाने भरलेला हात सरांनी स्वतःच्या डाव्या कानापाशी नेला आणि हळूहळू पुढे आणला. नाकाच्या अगदी जवळ आल्यावर थांबवला. मग तसाच उजव्या बाजूने आणला. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी स्कूटर उचलायला गेलो.

*

मुंबईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी बरोबर गेलो होतो. फिलूही होती. तिथे नजरेचा पसारा तपासायचं एक मशीन असतं. पांढऱ्या मोठ्या भांड्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं.

सरांनी मोठ्या आत्मविश्वासाने बटण हातात घेतलं. बटण दाबण्यातच तर आयुष्य गेलं!

मशीन सुरू झालं. आम्हाला मागून दिवे दिसत होते. वर लागला. खाली लागला. डावीकडे लागला. सरांचा अंगठा हलेना. फिलूने माझी बाही धरली.

"सर, झोपलात का?" टेक्निशियन बाई म्हणाल्या. "दिवा दिसला की बटण दाबायचं."

"हो ना!" भांड्यातून सरांचा आवाज आला. "दिवा लावा की आधी!"

उजवीकडे दिवा लागला, विझला. फिलू तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली.

मग कागद निघाला. त्यावर दिसतं ते पांढरं आणि दिसत नाही ते काळं छापलेलं असतं. डॉक्टरांनी तो सरांपुढे ठेवला. चारी बाजूंनी काळोख आणि मध्यात लहानशी पांढरी खिडकी. डॉक्टर समजावत होते की गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंब घालून राखायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. सर कागदाकडेच बघत होते.

"दोन फिल्टर चढवलेत कोणीतरी," ते म्हणाले.

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं. दीनूला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून केळीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

*

त्यानंतर सरांनी फोटो काढणं सोडलं. वाटी बिपीनला दिली, लग्नाचे फोटो तिच्याने काढ म्हणून. थेंब वेळेवर घालत होते, पण बोलणं कमी झालं होतं. एकदा अंगणात बसलो असताना आपणहून म्हणाले,

"सावंत, भीती मला आंधळा होण्याची नाही. लग्नाची आहे. फिलू माझ्या हाताला धरून चर्चमध्ये चालणार, म्हणजे बाजूला असणार. बाजूचंच तर गेलंय! मांडवात सगळं गणगोत जमेल आणि मला एका वेळी एक तोंड दिसेल. बाटलीच्या तोंडातून बघायचं मी माझ्या मुलीचं लग्न?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर ते दचकले. मी उजव्या बाजूला बसलो होतो.

*

आता शेवटचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी सर बिपीनच्या स्टुडिओत आले आणि म्हणाले, "वाटी मला दे. उद्या लागेल."

बिपीन वैतागला. सगळी तयारी तिच्यावर केलेली! पण सरांना नाही कोण म्हणणार?

लग्नाच्या दिवशी सर सुटाबुटात, आणि गळ्यात कॅमेरा, त्यावर वाटी. मोनिका वहिनी म्हणाल्या, "आज तरी!" फिलू म्हणाली, "असू दे, मम्मी." चर्चच्या मधल्या वाटेवर आम्ही तिघं अंतरा-अंतराने उभे राहिलो, सर अडखळले तर धरायला. फिलूचा हात त्यांच्या हातात. ती ओठ न हलवता सांगत होती, "डॅडी, पायरी. डॅडी, आता सरळ." सर ताठ मानेने चालले. माझे तळवे घामाने भिजले होते. पण ते पोचले. मुलीला तिच्या नवऱ्याच्या हाती दिलं, मागे सरले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

तो लावला तो खाली घेतलाच नाही!

मिस्साची प्रार्थना झाली, अंगठ्या झाल्या, सगळे घरी आले, वाडीत मांडव भरला, सरांचा डोळा खिडकीलाच. बँड वाजतोय, माणसं भेटायला येतायत, आणि हे कॅमेऱ्यातूनच मान डोलावतायत. बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी तर स्पष्टच म्हणाली, "बाप आहे की फोटोग्राफर?" बिपीनचा जीव मेटाकुटीला आला होता. "माझ्या प्रत्येक फोटोत सरांचं कोपर येतंय, सावंत!"

मग सर खुर्चीवर चढले. मी पळत जाऊन खुर्ची धरली. वरून त्यांचा आवाज येत होता, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. "वाटीने मांडव काडेपेटीएवढा केलाय, आता एकेका कोपऱ्यात डोळा नेऊन बघायचं. मोनिकाचा भाऊ आला. त्याची पोरं आली. दीनू जेवतोय. आत्ये बसलीय. फादर तिकडे. फिलू हसतेय..."

एकदम ते थांबले. कॅमेरा जरासुद्धा न हलवता मोठ्याने ओरडले,

"बावतीस! अरे, तिकडे खांबाला टेकून कडेला काय उभा? आत ये!"

बँडवाल्यांनी हात आखडले. डावीकडे अगदी टोकाला, अर्धा मांडवात आणि अर्धा बाहेर, बावतीस उभा होता. फिलूसाठी आला असावा, तिला लांबूनच बघून जायला. आम्हाला कोणालाही तो दिसला नव्हता. तो जागचा हलेना. मग माणसांतून वाट काढत आला, खुर्चीपाशी थांबला आणि माझ्या हातावरून हात घालून त्यानेही खुर्ची धरली.

जेवणं आटोपली, माणसं पांगायला लागली. बिपीन आपले रोल गोळा करत आला.

"सर, तुमचेही रोल द्या. एकदमच धुवून टाकतो."

सरांनी कॅमेरा त्याच्या हातात दिला. बिपीनने रोल गुंडाळायची चावी फिरवली. ती सैलच फिरली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मागचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"सर," बिपीन रिकामा कॅमेरा पुढे करत म्हणाला. "सर, फिल्म भरलीच नव्हती तुम्ही! अख्खं लग्न..."

सरांनी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, झाकण लावलं आणि डोळा पुन्हा खिडकीला नेला. समोर मांडवात फिलू बावतीसला केक भरवत होती.

"बटण दाबलं की खिडकी क्षणभर काळी होते, बिपीन," ते म्हणाले. "तेवढा वेळ फिलू दिसली नसती."